रूळ ठरवायच्या आधी डबा मोजा: १२ फुटांच्या भिंतीवर एचओ गाडी

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. हॉलमध्ये १२ फुटांची मोकळी भिंत आहे, एचओ स्केलचं (खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं मॉडेल) एक डब्ल्यूएपी-७ विजेचं इंजिन आणि पाच एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीचे लांब प्रवासी डबे घेऊन झालेत आणि वर्षभर ते खोक्यातच पडलेत. आता काचेचं शोकेस करून त्यात ठेवावेत की ८ बाय ४ च्या प्लायवर गोल रूळ टाकून चालवावेत? आणि रूळ घ्यायचे तर स्टीलचे, निकेल सिल्व्हरचे, की कुणीतरी स्वस्तात देतोय ते जुने पितळी? आणि उंचीने कोड १०० की कोड ८३?

मी या छंदात वीस-बावीस वर्षं आहे, स्वतःच्या घरात तीन लेआउट (रूळ मांडलेली टेबलं) बांधून मोडलेत आणि मित्रांच्या घरी पाच-सहा उभे करायला मदत केली आहे, त्यावरून सांगतो. तुम्ही रुळापासून सुरुवात केली आहे, पण रुळाचा प्रश्न शेवटी येतो. आधी वळणाचा येतो. तुमच्याकडे आहेत ते डबे तुमच्या जागेत वळू शकतात का, हे एकदा नक्की झालं की शोकेस की लेआउट, कुठले रूळ, किती रूळ हे सगळं आपोआप सुटत जातं.

माझा पहिला लेआउट ८ बाय ४ च्या प्लायचाच होता, १८ इंच त्रिज्येचं वळण, म्हणजे ४५७ मिमी. त्यावर एक छोटं शंटिंग इंजिन आणि चार चाकांच्या मालवाघिणी इतक्या सुंदर फिरायच्या की मी जाऊन लांब प्रवासी डबे घेऊन आलो. पहिल्या संध्याकाळपासून तिसरा डबा दर फेरीला एकाच ठिकाणी खाली यायचा. मी चाकं बदलली, जोड घासले, डब्यात वजन घातलं, दोन महिने गेले. जोडात काहीच दोष नव्हता. डबाच इतका लांब होता की वळणावर कपलर, म्हणजे डबे जोडणारा हुक, आडवा ताणला जायचा आणि बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, रुळावरून उचलली जायची. तुमचं असं होऊ नये म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितोय.

खरा एलएचबी डबा कपलरसकट जवळजवळ २४ मीटर असतो. एचओ म्हणजे १:८७, तेव्हा मॉडेल २७६ मिमीच्या आसपास भरतं (तुमचे पट्टीने मोजून बघा, काही बनवणारे लांबी थोडी कमी करतात). लेआउट बांधणाऱ्या लोकांचा जुना ठोकताळा असा आहे की वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या निदान तिप्पट हवी, म्हणजे गाडी निर्धास्त धावते. अडीचपट असली तर रूळ अगदी नीट टाकून चालवता येते, दुपटीला आलात की रोजची कटकट. २७६ ची तिप्पट ८२८ मिमी. आता ४ फूट रुंद प्लायवर कडेला थोडी जागा सोडून जास्तीत जास्त २२ इंच, म्हणजे ५५९ मिमी त्रिज्या बसते. हे जेमतेम दुप्पट झालं. ८२८ ची त्रिज्या हवी असेल तर टेबल जवळपास पावणेसहा फूट रुंद लागेल, आणि एवढं टेबल हॉलमध्ये ठेवलं तर घरातल्या माणसांनी बसायचं कुठे.

आणि नुसतं खाली पडण्याचाच प्रश्न नाही. एलएचबीच्या दोन बोग्यांच्या केंद्रांमधलं अंतर १४.९ मीटर, मॉडेलमध्ये १७१ मिमी. मी कागदावर काढून बघितलंय, ५५९ च्या वळणावर डब्याचं पोट आतल्या बाजूला साडेसहा मिमी झुकतं आणि टोकं बाहेरच्या बाजूला साधारण एक सेंटिमीटर निघतात. डब्याची रुंदी ३७ मिमी. म्हणजे शेजारी शेजारी दोन रूळ असतील आणि दोन्हीवर असे डबे असतील तर मधलं अंतर ५४ मिमीच्या वर पाहिजे, नाहीतर डबे एकमेकांना घासतात. फ्लेक्सिट्रॅक, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा रूळ वापरणारे सर्रास दोन इंच, म्हणजे ५१ मिमी अंतर ठेवतात. सरळ मार्गावर ते छान दिसतं, पण वळणावर तेच अंतर ठेवलंत तर रंग खरवडून निघणार.

अर्थात हे सगळं तुमच्याकडे काय आहे त्यावर अवलंबून आहे. हेच तुम्ही बॉक्सएन, म्हणजे उघड्या मालवाघिणी घेतल्या असत्या तर त्या मॉडेलमध्ये फक्त १२३ मिमीच्या, तिप्पट केलं तरी ३७० मिमी, म्हणजे ८ बाय ४ वर निवांत मालगाडी फिरवा. एन स्केल, म्हणजे १:१६० असतं तरी याच प्लायवर एलएचबी ऐटीत वळले असते. आणि स्वतंत्र खोली असती तर मी वेगळंच उत्तर दिलं असतं. पण एचओ, एलएचबी आणि हॉलची एक भिंत एवढंच हातात असेल तर माझं मत पक्कं आहे: तुमच्या घरात वळण मावत नाही, सरळ रूळ मावतात. मग सरळ रुळांचंच काहीतरी करूया.

भिंतीवर १२ फूट लांब आणि एक फूट रुंद फळी, तिच्यावर एक छोटं टर्मिनस स्टेशन, पुढे सरकती काच. गाडी प्लॅटफॉर्मला उभी असते तेव्हा तेच तुमचं शोकेस, आणि मनात आलं की काच सरकवायची, करंट द्यायचा, गाडी चालवायची. डोळ्यासमोर कोल्हापूर आणा. तिथे रूळ संपतात, गाडी आत येते, थांबते आणि परत जाते ती उलट्या तोंडाने. म्हणजे इंजिन सुटणार, शेजारच्या रुळावरून मागे जाणार आणि दुसऱ्या टोकाला लागणार. हे काम सावकाश केलं तर पंधरा-वीस मिनिटं सहज जातात आणि गोल गोल फिरणाऱ्या गाडीपेक्षा त्यात जास्त मजा आहे असं मला मनापासून वाटतं. माझ्या घरी पाहुण्यांची मुलं गोल फिरणारी गाडी दोन मिनिटं बघून खेळायला जायची, पण शंटिंग सुरू केलं की कंट्रोलर हातात मागतात.

आता हे १२ फुटांत बसतं का ते बघा. १२ फूट म्हणजे ३६५८ मिमी. चार डब्यांना ११०४ मिमी, दोन्हीकडे थोडी जागा धरून लूपला (प्लॅटफॉर्मचा रूळ आणि इंजिन मागे जाण्याचा शेजारचा रूळ मिळून) १२०० घ्या. दोन टोकांना एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे दोन मीडियम पॉइंट, प्रत्येकी २१९, झाले ४३८. टोकाला इंजिन मावेल एवढा बंद रूळ २८० मिमी (इंजिन २३६ चं आहे). बेरीज १९१८. उरले १७४०, आणि इंजिन अधिक चार डबे होतात १३४०, म्हणजे पूर्ण गाडी लूपच्या बाहेर येऊन उभी राहते आणि चाळीस सेंटिमीटर हाताशी राहतात. पाच डब्यांचं मी गणित केलं, गाडी पूर्ण बाहेर निघत नाही, थोडक्यात अडकते. म्हणून रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची रांग, चार डब्यांचाच ठेवा, पाचव्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

पॉइंट, म्हणजे रेल्वेवाले ज्याला सांधा म्हणतात तो, घेताना स्वस्त पडतो म्हणून छोटा घेऊ नका. पेको या रूळ बनवणाऱ्या कंपनीच्या फ्लेक्सिट्रॅकवाल्या मालिकेत छोट्याची त्रिज्या ६१० मिमी, मीडियमची ९१४ आणि मोठ्याची १५२४. वरचा तिपटीचा ठोकताळा इथेही लागतो, त्यामुळे मीडियमच्या खाली जायचं नाही. दोन पॉइंट पाठीला पाठ लावून एका रुळावरून दुसऱ्यावर जाता तिथे गाडीला लागोपाठ डावं-उजवं वळण मिळतं आणि लांब डबे नेमके तिथेच अडकतात. जागा निघत असेल तर तिथे मोठेच लावा.

कुणी तुम्हाला फळीवर चढ करायला सांगेल, घाटाचा देखावा म्हणून. करू नका. भोर घाटात १ ला ३७ चा चढ आहे आणि तिथे खऱ्या गाडीलाही मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लावावी लागतात. एका रुळावरून दुसरा न्यायला ७५ मिमी तरी उंची लागते, घाटाच्याच चढाने ती गाठायला पावणेतीन मीटर जातील. भिंत तिथेच संपली.

इथपर्यंत जागेचं झालं, आता रूळ.

स्टील आपल्याकडे नको. माझ्या ओळखीतल्या एकाने ठाण्यात खाडीजवळच्या फ्लॅटमध्ये स्टीलचे रूळ टाकले होते, एका पावसाळ्यात त्यांच्यावर तांबूस थर आला आणि दर रविवारी चालवण्याआधी तासभर घासणं सुरू झालं. पितळ गंजत नाही पण काळवंडतं, आणि तो थर करंट नीट जाऊ देत नाही, इंजिन अडखळत जातं. निकेल सिल्व्हरमध्ये नावापुरतीच चांदी आहे, प्रत्यक्षात तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. तो कमी काळवंडतो, लवकर साफ होतो आणि वायर जोडायला सोल्डरचा डाग द्यायलाही सोपा. चालणाऱ्या गाडीसाठी निकेल सिल्व्हरच घ्या, यात पैसे वाचवू नका. साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड बास. सँडपेपर कधीच लावायचा नाही, त्याचे ओरखडे राहतात आणि त्यात घाण जाऊन बसते.

कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी. त्याला ८७ ने गुणा, २२१ मिमी येतात. आपल्या मेन लाइनवरचा ६० किलोचा रूळ १७२ मिमी उंच असतो, म्हणजे कोड १०० दिसायला खूपच जाडा. कोड ८३ चा हिशोब १८३ येतो आणि कोड ७५ चा १६६. तुमची फळी डोळ्यांच्या उंचीवर असणार, लोक अगदी काचेला नाक लावून बघणार, तिथे ८३ किंवा ७५ घ्या. फरक जाणवतो, विशेषतः बाजूने बघताना. फक्त पुढे कधी जुनी युरोपियन इंजिनं घ्यायचा विचार असेल तर त्यांच्या चाकांच्या कडा खोल असतात, कमी उंचीच्या रुळावर त्या खालच्या स्लीपरवरच्या पकडीला टेकून खडखडतात. तसं असेल तर कोड १०० बरा. एकाच लेआउटवर दोन कोड मिसळायचे असतील तर मध्ये बदलणारे खास जोड मिळतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर कुणीतरी येऊन नाक मुरडणारच. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, १:८७ मध्ये ते १९.३ मिमी व्हायला पाहिजे, पण बाजारातला एचओ रूळ १६.५ चा, कारण तो १४३५ च्या स्टँडर्ड गेजवरून आलाय. त्यामुळे भारतीय मॉडेल समोरून बघितलं की पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. बहुतेक सगळे हे चालवून घेतात, मीही घेतो, कारण १९.३ चे रूळ, चाकं, पॉइंट सगळं हाताने बनवावं लागेल. (पुणे मेट्रोचं मॉडेल केलं तर १६.५ अगदी बरोबर बसतं, ती स्टँडर्ड गेजच आहे. आणि बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या ७६२ मिमीसाठी एन स्केलचा ९ मिमीचा रूळ जवळपास तंतोतंत जमतो, पुढेमागे हौस वाटली तर.)

टाकताना काय करायचं ते पण लिहितो, कारण चांगले रूळ घेऊन वाईट टाकलेले मी भरपूर बघितलेत. खाली १२ मिमीचा पाण्याला टिकणारा प्लाय, एमडीएफ नको, पावसाळ्यात फुगतो. त्यावर ३ मिमी कॉर्क, त्याने आवाजही कमी होतो. फ्लेक्सिट्रॅक साधारण तीन फुटांच्या लांबीत येतो, दोन लांब्यांच्या जोडात व्हिजिटिंग कार्ड बसेल एवढी फट ठेवा. लाकूड दमट हवेत फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, फट नसेल तर मे महिन्यात रूळ नागमोडी झालेला दिसतो. जोड झाला की डोळे मिटून नख फिरवायचं. नख अडकलं तर चाकही अडकणार.

करंट फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या भरवशावर सोडू नका. नवीन असताना चालतं, एक-दोन पावसाळे गेले की फिशप्लेटच्या आत काळं साचतं आणि लांबच्या टोकाला गाडी मंदावते. प्रत्येक लांबीला स्वतःची दोन वायर जोडून खालून जाड वायरला घ्या. सोल्डरिंग करताना स्लीपर वितळण्याची भीती सगळ्यांनाच असते, त्याला सोपा उपाय आहे: जिथे डाग द्यायचा त्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर ओल्या कापसाचे दोन बोळे रुळावर ठेवायचे, आधी रूळ कानसने थोडा घासून फ्लक्स लावायचा, वायरला आधीच सोल्डर चढवून ठेवायचं, आणि चांगलं तापलेलं सोल्डरिंग आयर्न दोन सेकंद टेकवून उचलायचं. कमी वॅटचं आयर्न घेऊन दहा सेकंद धरून बसलात की स्लीपर हमखास जातो. वायर बाहेरच्या बाजूने लावा. आतल्या बाजूला सोल्डरचा छोटा फुगवटा राहिला तरी चाकाची कड त्यावरून उडी मारते.

आता शोकेसचा भाग. धूळ, ऊन आणि दमट हवा हे तीन शत्रू. पुढे काच घ्या, ॲक्रिलिक नको, त्याच्यावर ओरखडे पडतात आणि पुसलं की उलट धूळ चिकटते. ज्या भिंतीच्या बाहेरून पावसाचा मारा असतो ती भिंत टाळा, पर्याय नसेल तर मागे अर्धा-एक इंच फट सोडून पाठ लावा. खिडकीचं ऊन थेट पडत असेल तर एका बाजूचा रंग फिका पडतो, आणि ते लक्षात येतं तोपर्यंत उशीर झालेला असतो. एलईडी पट्टी लावा, पण तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारी डबी, शोकेसच्या बाहेर ठेवा, तो गरम होतो. कोपऱ्यात सिलिका जेलची पिशवी, रंग बदलला की गरम करून परत. डांबरगोळ्या मात्र अजिबात ठेवू नका, त्यांच्या वाफेने प्लॅस्टिक मऊ पडू शकतं. सुतारकाम झालं की फेविकॉल आणि पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत गाड्या आत न्यायच्या नाहीत, महिना लागला तरी चालेल.

आणि वर्षभर खोक्यात आहेत म्हणालात ते आज काढाच. मी एकदा माळ्यावरचं जुनं खोकं उघडलं तर आतला फोम चिकट होऊन डब्याच्या छतावर बसला होता. टूथपिकने कण कण काढावा लागला आणि रंग गेला तो गेलाच. शोकेसमध्ये उभ्या इंजिनालाही महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवा, वंगण घट्ट होत नाही, आणि चाकांना रबरी पट्ट्या असतील तर त्या एकाच जागी दबून चपट्या होत नाहीत. फळीचा लेआउट मला म्हणूनच आवडतो, तिथे हे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

गोल फिरताना बघायची हौस राहिलीच, तर दिवाळीत जमिनीवर. त्यासाठी खाली प्लॅस्टिकची खडी असलेले, कट्कन जोडता येणारे तयार रूळ मिळतात, त्यात साडेसातशे-आठशे मिमीच्या आसपासची वळणंही येतात. सोफा सरकवला की पावणेदोन बाय तीन मीटरचा अंडाकृती मार्ग बसतो आणि पाचही डबे लावून गाडी पळवता येते. हे रूळ फळीसाठी नकोत, ते फार ठोकळेबाज दिसतात. सतरंजीवर टाकू नका, तिचे धागे ॲक्सलला गुंडाळतात आणि गिअरपर्यंत जातात. जुना फ्लेक्स बॅनर उलटा करून अंथरा, त्यावर रूळ सरकत नाहीत आणि काम झालं की गुंडाळून ठेवता येतो. पण हा खर्च पुढच्या वर्षी केलात तरी चालेल, आधी फळी होऊ दे.

राहिले ते स्वस्तातले पितळी रूळ. सहा-सात फूट मिळत असतील तर घ्या. स्टेशनच्या वर सहा-सात इंच सोडून एक चार इंच रुंदीची दुसरी फळी ठोका आणि पितळी रूळ तिच्यावर लावा. तिथे करंट द्यायचाच नाही, त्यामुळे ते काळवंडले तरी बिघडत नाही, उलट खऱ्या रुळासारखे तपकिरी दिसतात. दोन्ही टोकांना एकेक छोटा लाकडी ठोकळा चिकटवा, नाहीतर दार जोरात आपटलं की डबा घरंगळत कडेला येतो. तुमचा पाचवा डबा तिथे उभा राहील आणि पुढे जे काही घ्याल त्यालाही जागा होईल. खाली चार डब्यांचा रेक लावताना रोज एक डबा बदलून वरचा खाली घेत जा, म्हणजे पाचही डब्यांची चाकं फिरत राहतील.

दार कुठल्या बाजूला उघडतं ते लिहा, पॉइंट डावे घ्यायचे की उजवे ते त्यावरून सांगतो.